पांगुळगाडा: गंज गोलाईतून आणला, ओसरीवर चालला

लातूरच्या गंज गोलाईतल्या एका लाकडी सामानाच्या दुकानातून आमच्या लेकीसाठी पांगुळगाडा घेतला. दसरा नुकताच झाला होता. आता उन्हाळा लागलाय आणि गाडा अजून रोज चालतोय, त्यामुळे त्याच्याबद्दल भरवशानं लिहिता येईल. ज्यांच्या घरात धरून उभं राहायला लागलेलं लेकरू आहे, त्यांनी हा घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. साडेसातशे रुपये पडले. घेताना काही गोष्टी बघून घ्याव्या लागतात, घरी आणल्यावर थोडं हातकाम करावं लागतं. तेही सांगतो.

मी एसटीत कंडक्टर आहे, अंबाजोगाई आगाराला. लातूरची फेरी नेहमीची, त्यामुळे गोलाई पायाखालची. तिथं १६ रस्ते येऊन मिळतात. कुठं कपडा, कुठं सराफा, कुठं भांडी, असं ज्याला त्याला ठरलेलं. लाकडी सामानाची दुकानं शोधावी लागत नाहीत. बाहेरच पोळपाट-लाटणी, रव्या, काटवटी, पाट, चौरंग, देव्हारे मांडलेले असतात. मी ज्या दुकानातून घेतला तिथं पांगुळगाडे वर आढ्याला टांगलेले होते. दुकानदार मामांनी काठीनं एक खाली काढला, फरशीवर ठेवला आणि ढकलून दाखवला. टक टक टक टक. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली आणि दोघीही हसल्या. तिथंच माझा सौदा झाला.

गाडा साधा. तीन चाकं, पुढं एक लहान, मागं दोन मोठी. मधे तिकोनी चौकट, तिच्यावर दोन उभे दांडे आणि त्यांना जोडणारी आडवी मूठ. मूठ जमिनीपासून साधारण दीड फुटावर आहे. दहा-अकरा महिन्यांच्या लेकराच्या छातीला लागेल एवढ्या उंचीवर. मूठ खूप खाली असली तर लेकरू वाकतं, वर असली तर लोंबकळतं, म्हणून हे माप बघूनच घ्यायचं. टकटक आवाजाची करामत मला फार आवडली. मागची दोन्ही चाकं आसाला पक्की बसवलेली आहेत, म्हणजे चाकांबरोबर आसही फिरतो. आसात एक खुंटी ठोकलीय. ती फिरताना वरच्या लाकडी पट्टीला उचलते आणि सोडते, पट्टी खाली आपटते. चालण्याचा वेग वाढला की टकटक वाढते, थांबलं की थांबते. ना सेल, ना दिवे, ना गाणी. आवाज लेकराच्या पायातून निघतो आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून कळतं. आमची लेक दोन पावलं टाकून थांबायची, गाड्याकडं बघायची, परत एक पाऊल टाकायची आणि आवाज आला की आमच्याकडं बघायची. आपण केलं, आपल्यामुळं झालं, हे त्या तोंडावर मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

बसायचा वॉकर का नाही घेतला, असं घरात आणि गल्लीत सगळ्यांनी विचारलं. कापडी झोळीत लेकराला बसवायचं, भोवती गोल कडं, खाली सगळीकडून फिरणारी चाकं, तोच. माझी बहीण तिच्या लेकाचा द्यायलाही तयार होती. पण लेकीला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीला दवाखान्यात गेलो, तेव्हा बायकोनं तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी हातातलं माता-बाल संरक्षण कार्ड उलटून त्यावरची चित्रं दाखवली, कुठल्या वयात लेकरू काय करतं ती. मग म्हणाल्या, वॉकरमध्ये लेकरू चवड्यावर ढकलत पळतं, अंगाचा भार पायावर घेत नाही, तोल सांभाळायची त्याला गरजच पडत नाही. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट थोडं लांबू शकतं. आणि पळतं मात्र इतक्या जोरात की तुम्ही उठेपर्यंत ते पायरीवरून खाली गेलेलं असतं. नंतर मी वाचलं, तर कॅनडानं २००४ सालापासून असले वॉकर विकायला आणि बाहेरून आणायलाच बंदी घातलीय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बंदीच मागते. आमच्या घराला ओसरीच्या पुढं दोन पायऱ्या आहेत, आणि अंगणाच्या कोपऱ्यात अंघोळीचं पाणी तापवायची चूल सकाळी पेटलेली असते. त्यामुळे आमचा विचार तिथंच संपला.

पांगुळगाड्यात लेकराला स्वतः उभं राहावं लागतं. पाय त्याचेच, भार त्याचाच. दमलं की मूठ सोडून खाली बसतं, गाडा तिथंच थांबतो. म्हणून तो बरा. पायरीजवळ मोठं माणूस पाहिजेच, त्याला पर्याय नाही, पण ते माणूस लेकराच्या मागं आरामात चालू शकतं.

आणि हे मागं चालणंच मला सगळ्यात जास्त आवडतं.

ड्यूटी संपवून मी घरी येतो तेव्हा पाय दुखत असतात. दिवसभर उभं राहून, गर्दीतून वाट काढत, सुट्ट्या पैशांवरून बोलत घसा बसलेला असतो. पूर्वी आल्या आल्या खाटेवर पडायचो. आता फाटकाची कडी वाजली की आतून टकटक सुरू होते. लेक ओसरीच्या दुसऱ्या टोकाला असते, आजीजवळ. तिथून गाडा वळवायला तिला येत नाही, त्यामुळे ती आधी गाड्यासकट भिंतीला जाऊन धडकते, मग आजी उठून गाडा फिरवून देते आणि म्हणते, "जा माय, बाप आलाय बग तुझा." मग ती निघते. ओसरी अशी किती लांब असणार? पण पोचायला वेळ लागतो, कारण वाटेत थांबे आहेत.

पहिला थांबा खांब. आमचं घर जुनं, माळवदाचं, ओसरीला सागवानी खांब आहेत. पहिल्या खांबाला ती हात लावते. दुसरा थांबा रांजण. रांजणाच्या गार अंगाला गाल लावून उभी राहते, कधी जीभही लावते, आजी ओरडते. तिसरा थांबा मांजर, असेल तर. हे थांबे मी ठरवले नाहीत, तिनंच ठरवले. मी फक्त नावं पुकारतो. "रांजण, रांजण! कोण उतरणार हाय का?" असं म्हटलं की ती माझ्याकडं बघून मान हलवते. त्या हलवण्याचा अर्थ हो आहे का नाही, हे अजून आम्हाला कुणालाच कळलेलं नाही. मग मी तोंडानंच डबल बेल देतो, टिंग टिंग, आणि गाडा सुटतो. आता तिला डबल बेलशिवाय निघायचंच नसतं. मी घरात नसलो की हे काम आजी करते. माझ्या आईनं जन्मात कधी कंडक्टरकी केली नाही, पण तिची टिंग टिंग माझ्यापेक्षा खणखणीत आहे. एसटीत पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नसतं, तरीही मी तिकिटाच्या मशिनीतून उरलेल्या कोऱ्या कागदाचा तुकडा तिच्या हातात देतो. ती तो मुठीत धरते आणि त्याच मुठीनं गाडा ढकलते. प्रवास संपला की कागदाचा लगदा माझ्या हातावर ठेवते. कागद तोंडात जाऊ नये म्हणून तेवढं लक्ष ठेवावं लागतं.

हा सगळा खेळ रोजचा आहे. त्यात नवं काही घडत नाही. तरी मला तो रोज नवा वाटतो, कारण तिचं चालणं रोज थोडं वेगळं असतं. सुरुवातीला तिचे पाय लांब लांब पडायचे, बोटं आत दुमडलेली, आणि सगळा जीव मुठीवर. मग एके दिवशी लक्षात आलं की टाच टेकायला लागलीय. पुढं मूठ एकाच हातानं धरून दुसऱ्या हातानं कावळा दाखवायला लागली. दिवाळीत पणत्यांच्या रांगेपासून गाडा लांब ठेवायला सगळं घर दोन्ही हात पसरून उभं होतं आणि ती त्या हातांच्या भिंतीला धडकून हसत होती. मी अशा गोष्टी बघितल्या नसत्या असं नाही. पण तिच्या मागं तिच्याच चालीनं चालायला लागल्यावर त्या जास्त दिसायला लागल्या. पुढं जायची घाई करून उपयोगच नसतो. गाडा तिच्या हातात.

मुक्कामी गाडी असली की मात्र हे चुकतं. शेवटच्या गावाला रात्री गाडी लावायची, तिथंच झोपायचं, सकाळी पहिली फेरी घेऊन निघायचं. त्या रात्री बायको फोन करते आणि काही बोलत नाही, फोन फरशीवर ठेवते. टक टक टक. मधे थांबलं की मला कळतं, रांजण आला. मी इकडून टिंग टिंग करतो. एकदा गाडीत ड्रायव्हरसाहेब जेवत होते, त्यांनी घास तसाच हातात धरून ऐकलं आणि म्हणाले, "अजून एकदा द्या की बेल." त्यांची मुलं आता पुण्याला नोकरीला आहेत.

गाड्याच्या चौकटीत पुढच्या चाकावर एक सपाट फळी आहे. दुकानदारानं ती बाहुली ठेवायला म्हणून दिली होती. आमच्याकडं बाहुली कधी बसली नाही. त्या फळीवरून कांदे जातात. बायको स्वयंपाकाला बसली की लेक टोपलीतला एक कांदा उचलून फळीवर ठेवते, गाडा ढकलत ओसरीवर आणते आणि आजीच्या सुपात टाकते. आजी ज्वारी निवडत असते, ज्वारीत कांदा. आजी तो परत फळीवर ठेवते आणि म्हणते, "मायला दे जा." कांदा परत आत. असा एकच कांदा भाकरी होईपर्यंत येरझाऱ्या घालत राहतो. मधे तो गडगडून रांजणाखाली गेला की सगळे वाकून शोधतात. बायको म्हणते, यात माझ्या सगळ्या भाकरी निवांत होतात. शेवटी लेकीसाठी एक चानकी, तळहाताएवढी. ती फळीवर ठेवून गाड्यानंच ओसरीवर येते. ज्वारीची गरम चानकी, वर तुपाचं बोट. ती पोचेपर्यंत निवलेली असते, म्हणजे भाजायची भीती नाही. मग ती अर्धी आजीला, अर्धी मांजराला, आणि मधल्या मधे थोडी स्वतःच्या पोटात.

आता तक्रारी सांगतो, कारण वस्तू हातानं केलेली आहे आणि त्यात उणं-अधिक असतं.

पहिली गोष्ट, गाडा हलका आहे. लेकरानं मुठीवर सगळा भार टाकला की पुढचं चाक तसंच राहतं आणि मागची बाजू उचलली जाते, किंवा लेकरू मागं रेललं की गाडा त्याच्या अंगावर येतो. यावर उपाय आजीनं काढला. दोन किलो ज्वारी जाड कापडाच्या पिशवीत शिवली आणि पिशवी खालच्या चौकटीला, मागच्या आसाच्या थोडी पुढं, घट्ट बांधली. तेव्हापासून गाडा जागचा उठत नाही. वीट बांधणारे लोक मी बघितलेत, पण लेकरू पडलं तर विटेचा कोपरा लागतो. ज्वारीच बरी.

दुसरी, गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो. आमच्या ओसरीला शहाबादी फरशी आहे, तिच्यावर चाकं नीट धरतात. बहिणीच्या घरी पॉलिश केलेल्या टाइल्सवर नेला, तर गाडा पुढं आणि लेकरू मागं राहिलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडीसारखे तुकडे कापून दोन्ही मागच्या चाकांवर चढवले, मग थांबला. ट्यूब चढवल्यावर चाकाचा आवाज कमी होतो, टकटक कमी होत नाही, कारण ती पट्टीची आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे आधीच करून घ्यावं. खालच्या मजल्यावरच्यांनाही बरं.

तिसरी, कडा. मुठीला आणि फळीला कोपऱ्यावर कुसळं होती. काचपेपरनं घासली, मग दोन दिवस खोबरेल तेल चोळलं. मूठ लेकराच्या तोंडात जाणार हे धरूनच चालायचं. दात येताना आमच्या लेकीनं तिच्यावर जे काम केलंय त्याच्या खुणा अजून आहेत. म्हणून मी रंग न दिलेला गाडा मागून घेतला. लाल-पिवळे रंगवलेलेही होते आणि दिसायला छान होते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. पण गाड्यावरचा रंग कुठल्या डब्यातला, कधीचा, हे आपल्याला कोण सांगणार? कोरं लाकूड घ्यावं, तेल आपलं आपण लावावं. प्लास्टिकचं काही घेणार असाल तर त्यावर आयएसआयचा शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी गाड्यावर शिक्का दिसेलच असं नाही. तिथं आपला डोळा आणि आपला हात हीच तपासणी.

चौथी तक्रार जरा मोठी. सव्वा-दीड महिन्यात मागचं एक चाक आसावर ढिलं झालं. चाक फिरायचं, आस धड फिरायचा नाही, म्हणून टकटक मधेच बंद पडायची. लेक थांबून गाड्याकडं बघायची, परत ढकलायची, मग माझ्याकडं बघायची. ते मला बघवेना. पुढच्या लातूर फेरीला गाडा बरोबर घेतला. दुकानदार मामांनी काही न बोलता ठेवून घेतला आणि म्हणाले, सुतार संध्याकाळी येतो. मला परतीच्या गाडीआधी थोडा वेळ होता, थांबलो. सुतार आले, वय साठीच्या पुढचं. त्यांनी चाक हातात घेऊन आसाचं टोक बघितलं, बाभळीची बारीक पाचर तासली, ठोकली, वरून एक बारीक खिळा आरपार घातला. म्हणाले, आधी नुसता दाबून बसवला होता, उन्हानं लाकूड आटलं. पैसे घेतले नाहीत. बोलता बोलता कळलं की त्यांच्या घरात पूर्वी बैलगाड्या, तिफणी, वखर व्हायचे. आता पेरणी ट्रॅक्टरवर गेली, गाड्यांची कामं उरली नाहीत. पोळपाट, देव्हारे आणि पांगुळगाडे यांवर चाललंय. गाड्याचं चाक करताना हात आपोआप बैलगाडीच्या चाकासारखा चालतो, असं ते म्हणाले, आणि मोठ्या प्रेमानं चाक फिरवून दाखवलं. त्या दुरुस्तीनंतर चाक परत हललेलं नाही. तुम्ही घेताना दुकानातच मागचं चाक धरून ओढून बघा, आणि पाचर मारून खिळा घातलेला नसेल तर घालून मागा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक मर्यादा आहे, ती तक्रार म्हणून सांगत नाही. गाडा रानात चालत नाही. डिसेंबरात येळवसला सासुरवाडीला गेलो होतो, रेणापूर तालुक्यात. लातूरकडच्यांना येळवस सांगायला नको. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव रानात, कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. लेक वर्षाची व्हायला आली होती आणि गाड्याशिवाय एक पाऊल टाकत नव्हती, म्हणून गाडाही बरोबर. काळ्या रानात दोन हात गेला आणि पुढचं चाक ढेकळात रुतलं. तिनं ढकललं, हललं नाही. परत ढकललं. मग मूठ सोडली. मेहुणी आंबिलीचं बिंदगं घेऊन समोरून येत होती, ती होती तिथं थांबली. लेक कशालाही न धरता उभी होती, दोन्ही हात वर, ढेकळावर अंगठे रोवून. हरभऱ्याच्या झाडाकडं वाकली, उठली आणि एक, दोन, तीन पावलं टाकून कोपीच्या कडब्याला जाऊन लटकली. तिथं एकदम कालवा झाला. सासरे भज्जीचा हात वर करून ओरडले, "आलं, आलं, लेकरू चालायलंय!" बाजूच्या रानातली माणसंही बघायला आली, आणि येळवसला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे सगळे परत जेवायला बसले. गाडा दिवसभर त्या ढेकळात तसाच उभा होता, त्याच्यावर कुणीतरी टोपी अडकवली होती.

म्हणून एक सांगतो. गाडा चालायला शिकवतो, असं दुकानात सांगतील. तसं काही नसतं. लेकरू आपल्या वेळेनं शिकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या लेकरांची पाहणी करून २००६ साली जे छापलं, त्यात आधाराशिवाय चालायला लागायचं वय साधारण ८ महिन्यांपासून जवळजवळ १८ महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. काही लेकरं तर रांगतही नाहीत, थेट उभी राहतात. आमच्या शेजारचं लेकरू दहाव्या महिन्यात पळत होतं आणि आमची बाई अकराव्या महिन्यात कांदे वाहत होती. दोन्ही बरोबरच. गाडा घेताना घाई मात्र करू नका. लेकरू खाटेला, भिंतीला धरून आपलं आपण उभं राहायला लागलं की मग आणा. त्याआधी आणलात तर तो आढ्यालाच टांगलेला राहील.

चालता यायला लागल्यावर गाडा पडून राहतो, मग एवढे पैसे कशाला, असं मला एकानं विचारलं होतं. आमच्याकडं तरी पडून राहिला नाही. संक्रांतीला बोरन्हाण केलं तेव्हा गल्लीतली सगळी लेकरं बोरं, चुरमुरे आणि उसाचे करवे वेचायला तुटून पडली, आणि आमची लेक हलव्याचे दागिने घालून आपली बोरं फळीवर भरत बसली होती. आता तर ती गाड्याच्या पुढं जाऊन त्याला दोरीनं ओढते. उन्हं उतरली की आई अंगणात सडा टाकते, ओल्या मातीचा वास सुटतो, गल्लीतली दोन-तीन लेकरं येतात. एक ओढतं, एक ढकलतं, एक फळीवर बसायला बघतं. तेवढं मात्र करू देऊ नका, फळी कांद्यापुरतीच आहे. शेजारचं रांगतं लेकरू परवा मुठीला धरून उभं राहिलं. आमच्या बाईनं आधी भोकाड पसरलं. मग काय वाटलं कोण जाणे, जवळ जाऊन तोंडानं टिंग टिंग केलं. अजून तिला आई-बाबा धड म्हणता येत नाही.

घ्यायला जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी गोलाईत ऊन फार आणि संध्याकाळी गर्दी. लेकराला बरोबर नेता आलं तर न्या, मुठीची उंची तिथल्या तिथं कळते. भाव थोडा होतो, फार ओढू नका, हाताचं काम आहे. गाडा घडीचा नाही, त्यामुळे एसटीत जागा लागते. चढ-उताराच्या जागेत ठेवू नका, माणसं अडखळतात. पुढं ड्रायव्हरच्या पाठीमागं, सीटच्या बाजूला उभा मावतो. कंडक्टरला सांगा लेकराचा गाडा आहे म्हणून, जागा करून देईल.